तिसरी पाळी

नवागाम, सुरत
२० ऑगस्ट १९९६

पंडित भाऊजी,

शोभावहिनीचा नमस्कार. आम्ही मायलेक बरे आहोत, तुम्हीही अमळनेरला सगळे तसेच असाल. अमोल इथल्या पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात लागला. माझ्याशी गुजरातीत भांडतो. मी मराठीत उत्तर देते, त्यामुळे भांडण लांबत नाही. शेजारची कलाबाई तुमची आठवण काढते. म्हणते, "पंडितभाऊ गया आन चाळीमा घोरनारं कोनीच ऱ्हायनं नही."

तुमचं पत्र मिळालं. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली आणि अजून कोणाला ह्यांचं नाटक करावंसं वाटतं, हे वाचून फार बरं वाटलं. पण तुम्ही लिहिता, 'तिसरी पाळी' हे नाव गावात चालणार नाही, कापडाच्या लूमवर पाळ्या दोनच असतात, दिवसाची आणि रात्रीची, लोक हसतील. म्हणून लूमच्या धोट्यावरून 'रक्तरंजित धोटा' ठेवू म्हणता. आणि शेवटी नायक लूमवर मरतो असं दाखवू, म्हणजे बाया रडतील.

हसण्याचं म्हणाल तर लोक इथेही हसलेच होते. आठवतं ना, बोर्ड रंगवायला तो सुरती पेंटर आला होता? त्याने आपल्या अकलेने नाव सुधारून 'दुसरी पाळी' लिहिलं. वर मलाच म्हणाला, "लूममां तो बेज पाळी होय ने, बेन!" मग गणेश मंडळाच्या मंडपात जो येईल तो विचारत होता, "पहिली पाळी कधी व्हयनी रे भो?" बाया तर नाव वाचून तोंडाला पदर लावून खिदळत होत्या. हे मात्र शांत. म्हणाले, राहू दे, रंग ओला आहे.

आणि तो शेवटचा प्रवेश! नवरा रातपाळी करून येतो, बायको चहा देते, दोघं न बोलता बसतात, ती मुलाच्या पाटीवर काहीतरी लिहिते, तो वाचून हसतो, पडदा. नवऱ्याचं काम तुमचं, लोकांना वाटलं तुम्ही बोलायचं विसरलात. शिट्ट्या सुरू झाल्या तसे तुम्ही घाबरून उठलात आणि कारखान्याच्या मालकाविरुद्ध भाषण ठोकलंत. टाळ्या पडल्या त्या त्यालाच.

मी आता मंडळाच्या कपाटातली नाटकं आणून वाचते. अडेल तो शब्द दोनदा वाचते, तरी अडला तर पुढे जाते. नाव वाचून आधी मनाशी ठरवते, आत काय असेल. बहुतेक वेळा चुकते. एकाच्या नावात लग्न आहे आणि आत कोणी कोणाचं तोंड बघत नाही. शेवटचं पान मिटून पुन्हा नाव वाचलं की मग त्याचा खरा अर्थ लागतो.

ह्यांच्या नाटकाच्या नावाचा अर्थ पुष्कळांनी लावला. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, तिसरी पाळी म्हणजे मरण. मंडळातलाच बन्सीलाल म्हणाला, घरात बाई राबते ती. मला विचारलं की मी मान हलवायची, हो, तसंच काहीतरी. दोन्ही अर्थ चांगले आहेत. पण ह्यांचा अर्थ तो नव्हता.

तुम्ही आमच्याकडे राहत होता, एकच खोली. तुमची दिवसपाळी, ह्यांची रातपाळी. सकाळी तुम्ही गोधडीतून उठून कारखान्याला जायचात, तेव्हा हे दारात यायचे. अमोल शाळेत. मग ह्यांना झोप लागेपर्यंत खोलीत आम्ही दोघंच. रात्रभर लूमच्या खडखडाटाने ह्यांचे कान बधिर झालेले असत. हळू बोललेलं ऐकू यायचं नाही आणि मोठ्याने बोलावं तर भिंतीपलीकडे कलाबाई. म्हणून मी अमोलच्या पाटीवर लिहायची. मला तेव्हा धड जोडाक्षर येत नव्हतं. हे दुरुस्त करायचे आणि खाली उत्तर लिहायचे. मी लिहायला शिकले ती अशी. काय लिहायचो ते सांगणार नाही. पुसायचं, पुन्हा लिहायचं. हे आल्याबरोबर चप्पल काढतानाच म्हणायचे, "चला, तिसरी पाळी लागली."

तुम्हाला हे कुठून कळणार, तुम्ही तेव्हा कामावर असायचात. म्हणून आजवर बोलले नाही, आणि बोलायची लाजही वाटली.

ह्यांना कारखान्यात करंट लागला ते तुम्हाला ठाऊक आहे. रोजच्या वेळेला मी चहा ठेवला होता, आणि दारात मुकादम येऊन उभा राहिला. ते सगळं मी पाहिलं आहे, भाऊजी. ते पुन्हा रंगमंचावर बघायला मी अमळनेरला यायचं का?

नाटक जरूर करा. माझी ना नाही. पण त्यात तो माणूस घरी आला पाहिजे. त्याने चहा प्यावा, पाटी वाचावी, हसावं. लोकांनी शिट्ट्या मारल्या तर मारू द्या, तुम्ही उठू नका. हे जमत नसेल तर दुसरं नाटक बघा, मी रागावणार नाही.

आणि नाव हेच राहील. पेंटरने पुन्हा घोळ घालू नये म्हणून खाली मोठ्या अक्षरांत लिहून देते, एवढा कागद त्याच्या हातात द्या. ह्यांचं नाव मी आजवर तोंडाने घेतलं नाही, लग्नात उखाण्यातसुद्धा माझ्याऐवजी बहिणीने घेतलं होतं. हाताने लिहायला कोणी मनाई केलेली नाही.

तिसरी पाळी
लेखक : धुडकू

तुमची वहिनी,
शोभा