सोळा फुटांची रेघ

३ नोव्हेंबर, सोमवार

मिळालं! काम मिळालं. गाळा माझ्या नावावर झाल्यापासूनचं पहिलं मोठं. आधीची दोन मी धरतच नाही — एक दातांच्या डॉक्टरची पाटी आणि एक फ्लॅटच्या दारावरचं आडनाव.

गिरगावात एका वाडीत, अगदी आत, चाळ आहे — कमलाकांत बिल्डिंग. यंदा शंभर वर्षं झाली. दुरुस्ती चालली होती तेव्हा कठड्यावरचं चुन्यातलं जुनं नाव कामगारांनी फोडून टाकलं, कुणाला विचारलंसुद्धा नाही. आता रंग लागलाय, परांची उतरलीय आणि बिल्डिंग बिननावाची उभी आहे. त्यांना तीन फूट उंच कापीव अक्षरं हवीत, पितळी रंगाच्या स्टीलची, गच्चीच्या कठड्यावर. एकच शब्द. कमलाकांत.

आणि मी तिथल्या तिथे बोलून बसले — सगळं नाव एका रेघेखाली देईन, मधे कुठेही सांधा दिसणार नाही. सोळा फूट लांब.

घोडपदेवला परत येताना बसमध्ये उभीच राहिले. जागा होती तरी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

असं का बोलले ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या माघार घ्यायला नको.

नऊ वर्षं एका बोर्डांच्या कंपनीत अक्षरं आखली. तिथे मराठी नावं इंग्रजीसारखीच कापायचे. प्रत्येक अक्षर सुटं, डोक्यावर आपापल्या रेघेचा तुकडा, आणि भिंतीवर शेजारी शेजारी ठोकायचं. एक पावसाळा गेला की एखादं अक्षर खाली झुकतं आणि रेघेला फटी पडतात. आपली अक्षरं रेघेला लटकतात, इंग्रजीसारखी जमिनीवर उभी नसतात — साहेबांना हे सांगून सांगून थकले. ते म्हणायचे, "गिऱ्हाईकाला काय कळतंय त्यातलं?" जुलैत भांडून बाहेर पडले. तिथलेच दगडूमामाही माझ्याबरोबर निघाले. निघताना साहेब हसत म्हणाले, "सुरुची, खुर्ची रिकामी ठेवतो हां तुझी."

ही रेघ अखंड चढली तर मी बरोबर होते. तुकड्यांत चढली तर गुमान त्या खुर्चीत जाऊन बसायचं. मधलं काही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज भावाचं ठरलं. दीड तास!

चाळीचे सेक्रेटरी म्हणजे खुद्द कमलाकांतकाका. वय ऐंशी. चाळ त्यांच्या आजोबांनी बांधली, आजोबांचंच नाव नातवाला. आता मालकी वगैरे काही उरलेली नाही, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत नवराबायको राहतात. कोर्टात हेडक्लार्क होते. कागद समोर ठेवला, टोपण काढलं आणि म्हणाले, "अक्षरं पाच. क, म, ला, कां, त. इंचाला दोनशे, छत्तीस इंच, पाच अक्षरं — छत्तीस हजार. सही करू?"

म्हटलं, काका, दोन काने आहेत. कान्यालाही पत्रा लागतो, वेल्डिंग लागतं. काना म्हणजे अर्धं अक्षर धरा.

"काना हा अक्षराचा हात आहे. शिंपी सदऱ्याच्या बाह्यांचे वेगळे पैसे घेतो का?"

मला हसूच आलं. पण सोडलं नाही. म्हटलं, शिंप्याला बाही छत्तीस इंचांची करावी लागत नाही. मग अनुस्वारावर गाडी आली. "टिंबाचेही घेणार?" नाही म्हटलं, टिंब माझ्याकडून. एवढ्यात बेबीकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, पोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हात तोडून लावायचंय का नाव? द्या ना तिचे तिला." त्या सगळ्या वाडीच्या बेबीकाकू. काकाही "बेबी" म्हणूनच हाक मारतात.

दोन्ही काने मिळून एक अक्षर. एकूण सहा. त्रेचाळीस हजार दोनशे, लावण्यासकट. निम्मे आगाऊ. रेघेचे पैसे मी लावलेच नाहीत. रेघ माझी हौस.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कान्याचे पैसे मिळवणारी मुंबईतली मी पहिलीच असणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस नुसती आखतेय. कॉम्प्युटरमधला एकही फॉन्ट पसंत पडेना. सगळ्यांत ल दांडीवाला, हिंदी वळणाचा. आपला ल दोन पाकळ्यांचा! शेवटी जमिनीवर खाकी कागद पसरला आणि गुडघ्यांवर बसून हातानंच काढला. क चं पोट दोनदा खोडलं. त मात्र पहिल्या फटक्यात आला, इतका देखणा की मीच लांबून बघत बसले.

दगडूमामा दारात उभे राहून बघत होते. फिटर माणूस, तीस वर्षं अक्षरं भिंतीवर चढवलीत. राग आला किंवा खूश झाले की मालवणी सुरू होतं. म्हणाले, "म जरा बारीक झालो. खाऊक घाल त्येका." बरोबर होतं. म रुंद केला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पत्रा कापून आला. गाळ्यात पाय ठेवायला जागा नाही. आई डबा घेऊन आली आणि दारातच थांबली — "मी कान्यावर पाय देऊ का ओलांडू?"

१९ नोव्हेंबर, बुधवार

रेघ झाली!!

पत्रा आठ फुटी येतो, म्हणजे मधे एक जोड अटळ. आर्गन वेल्डिंगनं जोडला, घासला, परत घासला, पॉलिश मारलं. मग दगडूमामांना म्हटलं, डोळे मिटा आणि बोट फिरवून जोड शोधा. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. सापडला नाही. डोळे उघडले, पुन्हा शोधला. नाही सापडला.

मी गाळ्यात एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांचा फोन. कुणीतरी त्यांना बातमी पोचवलेली. "सोळा फूट एकत्र? अगं, सुटं कर. लावताना रडशील."

रडले तर रडले. यांना काय करायचंय?

२४ नोव्हेंबर, सोमवार

पाचही अक्षरं रेघेला जोडली. मागून आडवा पाइप दिलाय आणि प्रत्येक अक्षर त्या पाइपाला वेगळं बांधलंय, म्हणजे भार रेघेवर येत नाही. बासष्ट किलो. गाळ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलंय. येणारा जाणारा थांबतो. समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, "मॅडम, ये कमलाकांत कौन है?" म्हटलं, मेरा पहिला बडा काम है.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गाढव आहे मी. एक नंबरची गाढव.

कठडा चार वेळा मोजला होता. गाळ्याचं शटर मोजलं, टेम्पो मोजला. जिना अरुंद म्हणून बाहेरून दोरानं ओढायचं, तेही ठरवलं होतं. वाडी मोजली नाही! आज भोकांच्या खुणा करायला गेले आणि वाडीत शिरताना पाय थबकले. बोळ पाच फुटांचा. पुढे विहिरीच्या कट्ट्यापाशी काटकोनात वळण. बोळ तिथेही पाचच फूट. सोळा फुटांची वस्तू तिथे वळत नाही. काठी घेऊन बघितलं, सुतळी लावून बघितलं, कागदावर गणितही केलं. चौदा फुटांपर्यंत वळते. सोळा नाही.

काका वरून बघत होते. म्हणाले, "दोन तुकडे केले तर?" काही वाईट हेतू नव्हता त्यांचा. मी एकदम म्हणाले, "नाही, तुकडे नाही." आवाज चढला बहुतेक. बेबीकाकू बाहेर येऊन बघून गेल्या.

त्रेचाळीस हजारांचं राहू दे. रिकामी खुर्ची डोळ्यांसमोर येतेय. रडू आलं. लिहून ठेवते, आलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दगडूमामा! दगडूमामा!! दगडूमामा!!!

सकाळी त्यांना सांगितलं. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "आमच्या मंडळाची मूर्ती गल्लीत कशी आणतत?"

म्हटलं, उभी.

"मगे ह्यां कित्याक आडवां न्हेतंस?"

काळाचौकीत मंडळाचं काम करून या माणसाचा जन्म गेला. अठरा फुटी गणपती वळणावरून काढतात ही माणसं, आणि मी कागदावर गणितं करत बसले! अक्षरं उभी करायची. क खाली, त वर. उभं केलं की ते फक्त तीन फूट रुंद. कुठूनही वळेल. वरच्या वायरी? "बांबू आसत ना मंडळाचे. वायरी उचलूचो बांबू वेगळो, पुढे खुट्टी असलेलो." मंडळातले आठजण रविवारी येतायत. पैसे विचारले तर म्हणाले, जेवण घाल. मटण आणि वडे. आईनं ऐकल्या ऐकल्या होकार दिला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उद्या. गजर पाचचा लावलाय, दोनदा तपासला.

३० नोव्हेंबर, रविवार

चढलं! चढलं! अख्खं चढलं!

नीट लिहिते. सकाळी आठला टेम्पो वाडीच्या तोंडाशी. आठजणांनी नाव गोधड्यांत गुंडाळलं, उभं केलं आणि निघाले. पुढे एकजण बांबूनं वायर उचलतोय, मागे दगडूमामा — "डावीकडे कल घ्या, हळू... थांबा... चला." ओझं बासष्ट किलोचं, पण सगळा कारभार गणपतीच्या आगमनाचा. वाडीतली माणसं गॅलऱ्यांत आली. एका आजींनी तर हात जोडले, मग काय आहे ते कळल्यावर त्यांनाच हसू फुटलं. विहिरीच्या वळणावर चारजणांनी खालून क धरला आणि अख्खं नाव जागच्या जागी फिरवलं. मी बघितलंच नाही. डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ते पुढच्या बोळात होते.

चौकात आडवं केलं. गच्चीवरून कप्पी, दोन दोर. खुणांचा कागद सकाळीच कठड्यावर चिकटवून भोकं पाडून ठेवली होती. पंचवीस मिनिटांत वर. सगळे बोल्ट पहिल्या खेपेला बसले. पट्टी लावली, पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध!

मग गोधड्या सोडल्या. ऊन बरोबर रेघेवर. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ पिवळी रेघ आणि खाली पाच अक्षरं लोंबताहेत, जशी वहीत लोंबतात तशी. कमलाकांतकाका चष्मा पुसत होते. म्हणाले, "आजोबांचं नाव मी इतकं मोठं कधी वाचलं नव्हतं." त्यांनी माझा हात हातात घेतला. बेबीकाकू खाली चौकात एकट्याच मान वर करून उभ्या. विचारलं, आवडलं ना? म्हणाल्या, "हो गं. अगदी चिकटून आहे सगळं."

वडे कमी पडले. आईनं दुसऱ्यांदा तळले.

१ डिसेंबर, सोमवार

शेजारच्या वाडीतून विचारणा! दादरहून एक शाळा! त्यांच्या नावात दोन जोडाक्षरं आहेत, म्हणजे काकांसारखा कुणी भेटला तर माझी पुन्हा परीक्षा. शाळेच्या बाई म्हणाल्या, "तशीच रेघ हवी, न तुटलेली." तशीच! दगडूमामांनी फोटो साहेबांना पाठवला. मी सांगितलं नव्हतं हो. साहेबांचं उत्तर आलं, नुसता अंगठा.

खुर्ची द्या म्हणावं कुणाला तरी.

३ डिसेंबर, बुधवार

काका बँकेत गेलेले बघून बेबीकाकूंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "लग्नात यांच्या नावाला जुळावं म्हणून माझं नाव बदललं. ताटातल्या तांदळात यांनी अंगठीनं लिहिलं — कमला. पुन्हा त्या नावानं कुणी हाक मारली नाही. रविवारी वर बघितलं तर मी आहे की तिथे. यांना चिकटलेली. ला आणि कां यांच्या मधली रेघ कापशील? बोटभर. पैसे माझे."

विचारलं, काकांना सांगितलंत?

"त्यांना वाचता येतं."

मागे पाइप आहे, काही पडणार नाही. उद्या दहाला ग्राइंडर घेऊन जातेय. बोटभर नाही, चांगली दोन बोटं कापणार आहे.