पास म्हणजे काय

प्रिय संजू,

सलाम आणि एक मोठ्ठा पापा. नाताळानंतर तू घरी का आली नाहीस, हे विचारायला हे पत्र नाही, तेव्हा घाबरू नकोस. फोनवर तू ‘हो मम्मी, हो मम्मी’ म्हणतेस आणि मागे कीबोर्ड वाजत असतो, म्हणून कागद घेतला. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, तेही बरंच आहे. चटकन वाचून बाजूला टाकता येणार नाही. समोरच्या फ्लॅटमधली दुआ उद्या कामाला तुझ्याकडे खलिफा सिटीत येणार आहे, तिच्या हाती देते.

बातमी अशी, की तुझी मम्मी पोकर खेळते. हसू नकोस. ही दुआच सिलिकॉन ओएसिसमधल्या एका हॉलमध्ये शनिवारी दुपारी टूर्नामेंट भरवते. पैशाचा काही संबंध नाही. सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, म्हणजे प्लास्टिकच्या चकत्या. त्या संपल्या की उठायचं, आणि शेवटी उरेल त्याला एक कप. एकदा तिला एक माणूस कमी पडला. मला म्हणाली, आंटी, बस बैठ जाओ, बाकी मैं संभाल लूँगी. म्हटलं, बघू तरी असतं काय! गेले, आणि आता दर शनिवारी जाते. दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसून ‘डॉक्टर पाच मिनिटांत येताहेत’ असं इतकी वर्षं हसतमुखाने सांगणाऱ्या बाईला ब्लफ काय शिकवायचा?

पप्पांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. चर्चच्या मंडळीचा एल्डर आणि बायको पत्ते कुटते! वधस्तंभाखाली शिपायांनी प्रभूच्या झग्यावर चिठ्ठ्या टाकल्या होत्या, असं त्यांनी मला जेवता जेवता सुनावलं. मी म्हटलं, यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडतानाही चिठ्ठ्याच टाकल्या होत्या की. त्यावर ते वरणात मीठ कमी आहे म्हणाले.

पण खरं सांगू? त्या टेबलावर मला जे दिसतं, ते उपदेशात इतकं नीट कधी दिसलं नव्हतं. पानं वाटायच्या आधीच दोघांना आपल्या चकत्या मधे ठेवाव्या लागतात. पान बघितलेलं नसतं, तरी ठेवायच्या. त्याला म्हणतात ब्लाइंड, आणि पाळी फिरत फिरत सगळ्यांवर येते. मी पहिल्यांदा ठेवल्या तेव्हा या देशात आल्यावरचे आमचे पहिले, रोल्लातले दिवस आठवले. तू पोटात होतीस, आम्ही नगर सोडून आलो होतो, आणि दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर एकाच खोलीत मधे पडदा लावून राहत होतो. हातात कुठलं पान येणार काही ठाऊक नव्हतं. पप्पा रोज म्हणायचे, प्रभू बघेल. मला भारी राग यायचा. आधी दाखव, मग टाकते, असं मी प्रभूला सरळ सुनावायचे. त्याने काही दाखवलं नाही. तरी रोज थोडं थोडं टाकत गेलो आणि त्यातूनच घर उभं राहिलं. याला विश्वास म्हणतात की नाइलाज, हे मला अजून कळलेलं नाही.

बहुतेक डाव तर पानं टाकून देण्यातच जातात, त्याला म्हणतात फोल्ड. दुआ म्हणते, आंटी, यही तो गेम है. अफनान म्हणून तुझ्याच वयाचा एक मुलगा येतो, त्याला काही दम धरवत नाही. दरवेळी उडी मारतो आणि सगळ्यांत आधी उठतो, मग माझ्या मागे खुर्ची टाकून ‘यल्ला आंटी’, म्हणजे चला आंटी, करत बसतो. मला मात्र भलताच प्रश्न पडतो. ही पानं वाटतं कोण? दुआने पत्ते पिसायला बसवलेला फहद वाटतो, ते डोळ्यांना दिसतं. पण गड्डीत कुठलं पान कुठे आहे, हे त्यालाही ठाऊक नसतं. मग देवाला ठाऊक असतं का, आणि असलं तर माझ्याच वाट्याला सारख्या दुऱ्या का येतात? पप्पा म्हणतात, असले प्रश्न विचारू नयेत. मला विचारल्याशिवाय राहवत नाही. तू कुणावर गेलीस ते आता कळलं असेल.

आता गेल्या शनिवारची गंमत ऐक. माझ्या हातात दोन सत्त्या, त्यांतली एक बदाम सत्ती. मधे तीन पानं उघडली, त्यांत तिसरी सत्ती! तीन सत्त्या म्हणजे जवळजवळ जिंकलेलाच डाव, पण चेहरा रिसेप्शनवरचाच ठेवला. आपण गप्प राहायचं आणि दुसऱ्यांना पुढे येऊ द्यायचं, असं ठरवलं. माझी पाळी आली, आणि आपण घरी बदामसात खेळताना म्हणतो तसं तोंडातून निघून गेलं, ‘पास’. फहदने हात लांब करून माझी दोन्ही पानं ओढून घेतली. मी ओरडलेच, अरे, माझी पानं! तर म्हणतो कसा, आंटी, पास इज फोल्ड, खलास. नुसतं थांबायचं असेल तर ‘चेक’ म्हणायचं असतं म्हणे. दुआला बोलावलं, पण तिनेही मान हलवली. नियम सुरुवातीलाच सांगितले होते, तेव्हा मी बिस्किटं वाटत होते. पानं गेली ती गेलीच.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. आधी पोट धरधरून हसले. मी तणतणत होते, की आपल्यात पास म्हटलं म्हणजे काय डाव सोडला असं असतं का? आत्ता टाकायला पान नाही, एवढंच. पानं हातातच राहतात आणि पुढच्या फेरीला आपल्याला परत विचारतात. एवढं बोलले आणि मला नाताळ आठवला. पप्पांचंही हसू थांबलं.

संजू, नाताळच्या साखळी प्रार्थनेला आपण हात धरून बसलो होतो. तुझी पाळी आली आणि तू म्हणालीस, ‘पास, पप्पा.’ पप्पांनी तुझा हात सोडला, उरलेली प्रार्थना स्वतःच उरकली आणि आमेन म्हटलं. पुन्हा तुला कुणी विचारलं नाही. आम्ही दोघंही धरून चाललो, की पोरीने डाव सोडला. खरंच सोडलास, की त्या दिवशी तुझ्याकडे टाकायला पान नव्हतं, ते तुलाच ठाऊक. मी फक्त हे कळवायला लिहिते आहे, की त्या शनिवारी संध्याकाळी प्रार्थनेला बसलो, माझं बोलून झालं, पप्पांची पाळी आली, तरी ते बोलेनात. मला वाटलं, डुलकी लागली. डोळे किलकिले करून पाहिलं, तर सोफ्यावर तुझ्या जागेवर त्यांनी हात उताणा ठेवला होता आणि ते थांबले होते. आता रोज थांबतात. तेव्हा या रविवारी जेवायला ये, मटण करते. प्रार्थनेत तुझी पाळी आली तर खुशाल पास म्हण. पण हात दे.

तुझीच,
मम्मी