पोचल्याचा फोन

१४ मार्च

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. संघटनेच्या सभा जोरात आहेत, माझा घसा बसलाय. आईचं शेवटी लिहिते. पत्र कुरिअरने पाठवतेय, कारण फोनवर मला ओरडण्याखेरीज काही जमणार नाही.

गेल्या आठवड्यात मी तुझ्या शहरात येऊन गेले. दचकलास? मी तर अजून सावरले नाही. तिथल्या अधिवेशनात भाषण होतं. तिकिटं काढणाऱ्याला म्हटलं, "दोन दिवस आधीचं द्या. माझ्या भावाला अख्खा दिवस आणि रात्र लागते, दोनदा विमान बदलावं लागतं."

तो हसला. "बाई, तुमचे बंधू चालत जातात का? सरळ विमान आहे. तेराशे किलोमीटर, दोन तास."

मी त्याच्याशी भांडले. मंत्र्यांचे आकडे भर सभेत फाडणारी मी, त्याला ठणकावून सांगितलं, माझा भाऊ खोटं बोलत नाही!

भाषणाची टिपणं पुरती वाचून व्हायच्या आत विमान उतरलंसुद्धा.

व्यासपीठावर बोलताना डोळ्यांपुढे आईचं रिकामं ताट होतं. पोचल्याचा फोन आल्याशिवाय आई जेवत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. वर्षा-दोन वर्षांतून एकदा येतोस, आणि दर वेळी तू इथून निघालास की ती दुसऱ्या दिवसापर्यंत नुसत्या पाण्यावर. आणि तू? दोन तासांत उतरून, जेवून, झोपून, दुसऱ्या दिवशी दमल्या आवाजात "पोचलो गं" म्हणायचास! अरे, नाटक तरी भरल्या पोटाच्या प्रेक्षकांपुढे करावं!

घरी येऊन तोफ डागली. "आई, तुझा लाडका दोन तासांवर राहतो!"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे. वरच्या मजल्यावरची पोरगी विमानात कामाला आहे ना, तिने कधीच सांगितलं."

"मग उपाशी का बसायचीस?"

"जेवले असते तर तुला संशय आला असता, आणि तू त्याला सोडलं नसतंस. लांब आहे म्हणून येत नाही, हे पचतं गं. जवळ असून येत नाही, ते घशाखाली उतरत नाही."

धाकट्या, मी तिच्या शेजारी बसून घड्या घालू लागले.

आता तिच्याबद्दल. गुरुवारी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "जवळच्या माणसांना बोलावून घ्या." त्याचा अर्थ मी लिहीत नाही. तुला कळवायचं नाही अशी तिने शपथ घातली होती. "एवढ्या लांबून त्याला कशाला दगदग," म्हणाली, आणि तेही माझ्या डोळ्यांत बघून. शपथ मी मोडली.

ये. तुझी कारणं मी सोलत बसणार नाही. फक्त ती तुझ्या चेहऱ्यावरून हात फिरवेल आणि विचारेल, "फार दमलास का रे प्रवासाने?" तेव्हा काय सांगायचं, ते तुझं तू ठरव.

संतापलेली, तरी तुझ्यासाठी दार उघडं ठेवणारी,
ताई