गोपालची झोप

माय, तुला वाल्मिकचा पाया पडून नमस्कार.

लिहायचं रोज उद्यावर ढकललं, रागावू नको. इथे सुरतला पांडेसऱ्याच्या मिलमध्ये माझं बरं चाललंय. इथलं खमण तुला आवडेल. गुडघे कसे आहेत?

उज्ज्वलाताई म्हणाली, धाकटा गोपाल परीक्षेसाठी रात्रभर जागतो आणि तू त्याच्या डोक्याला तेल लावतेस. मी तमाशाला जागायचो तेव्हा तू दार उघडत नव्हतीस! जीव जळतो माझा. पण तो जेवताना पेंगतो, वाचलेलं विसरतो म्हणे. झोपू दे गं त्याला.

अगं, दारात गोपालच उभा! अमळनेरहून पेपरसाठी नंदुरबारला निघाला, गाडीत झोप लागली, जाग आली थेट सुरतला. पेपर बुडाला. रडत म्हणतोय, "भाऊ, मायले सांगू नको." आणि मी तुलाच लिहितोय.

तुझा थोरला,
वाल्मिक