दोन पंच, दोन खुणा

८ जानेवारी
लिहिण्याचं कारण व्हर्लिन स्टट्झ. इथल्या शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांना पंच तोच नेमतो. म्हणाला, फर्नबाई, प्रत्येक सामन्यानंतर वहीत खरं काय ते लिहा, नाहीतर मार्चची स्पर्धा विसरा. बावीस वर्षं शिट्टी वाजवतेय, त्या मोठ्या स्पर्धेत पंच म्हणून एकदाही नेमलं नाही. गुडघे पाहता हे शेवटचं वर्ष.

तक्रार काय, तर मी घाई करते. टक्कर झाली की नुसती मूठ वर करायची, जोडीदार पंचाकडे बघायचं, मग खूण. चूक धावणाऱ्याची असेल तर चार्ज, हात डोक्यामागे. आडवा येणाऱ्याची असेल तर ब्लॉक, हात कमरेवर. एका पंचाने हे आणि दुसऱ्याने ते दाखवलं, तर नियमांच्या पुस्तकाप्रमाणे दोन्ही खरं. फाउल दोन्ही खेळाडूंना.

निश्चय: मूठ. एक आकडा मोजणे. बघणे.

१२ जानेवारी
मूठ केली. मोजलं. बघायचं राहिलं. मी चार्ज, जोडीदार डेल्मर ब्लॉक. तो म्हणाला, बाई, तुमचा 'एक' फार आखूड आहे. त्याचाच लांब आहे. गाई पाळणारा माणूस.

२० जानेवारी
आरशासमोर पन्नास वेळा मूठ. हात डोक्यामागे एकदाही गेला नाही. सवय मोडली. नवरा म्हणाला, फर्न, आरशात कुणी कुणावर आदळत नाही.

३ फेब्रुवारी
पुन्हा दोघांना फाउल. गॅलरीतून एक म्हातारा ओरडला, अगं, आता पॉपकॉर्नवाल्यालाही एक दे! लोक मला ओळखू लागलेत.

१४ फेब्रुवारी
स्टट्झ स्वतः बघायला आला. आठ सेकंद बाकी, यजमान एका गुणाने मागे. त्यांच्या उंच पोराने उडी मारून चेंडू टाकला आणि समोरच्यावर कोसळला. चेंडू आत. माझा हात डोक्यामागे. डेल्मरचे कमरेवर.

माझं धरलं तर बास्केट बाद. त्याचं धरलं तर बास्केट, वर एक फ्री थ्रो. दोन्ही धरल्यामुळे बास्केट राहिली, फ्री थ्रो गेला. यजमान एका गुणाने जिंकले. तरी दोन्ही प्रशिक्षक माझ्यावरच ओरडले. जिंकलेलासुद्धा, कारण पोराचा तो पाचवा फाउल, तो बाहेर.

स्टट्झला सांगितलं, चार्जच होता. म्हणाला, हो, बाई, चार्जच होता. म्हणून तर वाईट वाटतं. थोडं थांबला असतात तर डेल्मरने तुमचंच ऐकलं असतं.

२६ फेब्रुवारी
स्पर्धेच्या पंचांची यादी लागली. डेल्मर आहे, मी नाही. त्याच्याबरोबर जोलीन, सव्वीस वर्षांची. तिच्याकडे पंचाचं काळं जॅकेट नाही, स्पर्धेत ते लागतं. डेल्मरने फोन करून चाचरत विचारलं, तुमचं देता का.

जोलीनला सोपवलं: काळं जॅकेट, एक, तीन वर्षांपूर्वी या स्पर्धेसाठी घेतलेलं, न घातलेलं. किमतीची चिठ्ठी बाहीला होती. ती तिनेच कापली.