आडवी रेघ मारलेला सात

बाबा,

जेवण झाकून ठेवलंय, वेळेवर जेवा. मी वाचनालयात चाललेय, सहापर्यंत येईन.

आज सकाळचा सराव पेपर तपासताना त्यात आडवी रेघ मारलेला सात दिसला. तसा सात घरात फक्त तुम्ही काढता. मग मागचे सगळे पेपर उजेडात धरून पाहिले. पेपर सोडवून मी अंघोळीला गेले की तुम्ही माझी चुकलेली उत्तरं खोडून बरोबर करत होतात ना? आणि मी वेडी, मार्क वाढताहेत म्हणून खुश! मागच्या वेळी खऱ्या परीक्षेत तोंडावर आपटले ती अशी.

माझा पडलेला चेहरा तुम्हाला बघवत नाही, कळतं मला. पण पदव्युत्तर प्रवेशाची ही शेवटची संधी आहे आणि हातात उरलेत पाच आठवडे. मी कुठे चुकते हेच मला ठाऊक नाही, तर अभ्यास कशाचा करू? डोकं चालेनासं झालंय.

नवं वेळापत्रक फ्रिजवर लावलंय. रोज सात ते नऊ गणित, त्यापुढे तुमचं नाव लिहिलंय. तीस वर्षं लोकांच्या मुलांना शिकवलंत. मला नुसती उत्तरं नका देऊ हो, शिकवा.

खोडरबर मी सोबत नेलाय.

ढब्बू