पावागडावर मारलेली फुली

शुक्रवार, चैत्र. दिवेलागण.

ती लाल फुली काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आज ट्यूशनमध्ये नववीची चाचणी घेतली. ‘नदीची कार्ये लिहा.’ रीवानं लिहिलं, ‘आपली विश्वामित्री पावागडावरून निघते आणि रोज थोडा थोडा पावागड बडोद्याला आणते.’ मी फुली मारली. झीज, वहन, संचयन हे शब्द कुठे होते? वही घेताना तिनं हळूच गुजरातीत विचारलं, “पण आणते तर खरं ना, टीचर?” मी पुढची वही उचलली. एवढी घाई कसली होती मला?

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती दर चैत्रात देवीच्या दर्शनाला पावागड अनवाणी चढते. यंदा गुडघ्यांनी नाही म्हटलं, आणि रोपवेचं नाव काढलं की चिडते.

“मग आपल्या अंगणातली माती?” तिनं विचारलं.

“असेल थोडी पावागडाची. हजारो वर्षं पूर येतायत, आई.” बोलता बोलता मलाच दिसायला लागलं, तो काळा डोंगर पीठ होऊन, वळणं घेत, सावकाश इकडे निघालाय, आणि आपलं कारेलीबाग, सोसायट्या, स्कूटर, सगळं त्याच्या अंगावर.

आई उठून मागच्या दारी गेली.

रीवाची वही उद्या परत मागायची. ती फुली खोडायची.

चहाला हाक मारायला गेले. आईच्या चपला दारात होत्या आणि ती तुळशीपाशी मातीत अनवाणी उभी होती. मी उंबऱ्यावरच थांबले. माझ्या पायांत चपला होत्या.